ठोका, उष्णता आणि वेग : संगणकाच्या गतिवर्धनाचा एक पाठ

संगणक आता पुण्यासारख्या शहरात घरोघरी, आणि ग्रामीण भागात शाळा व ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचला आहे. यंत्र काही वर्षांचे झाले की ते संथ चालते अशी तक्रार होऊ लागते आणि त्याचा वेग वाढविण्याचे निरनिराळे उपाय सुचविले जातात. त्यांपैकी एक उपाय तरुणवर्गास विशेष प्रिय आहे. संगणकावरील खेळ अधिक सफाईने चालावेत म्हणून प्रोसेसर आणि स्मृती, म्हणजे बाजारात जिला रॅम म्हणतात ती, नेमून दिलेल्या वेगाहून अधिक वेगाने चालविणे, हा तो उपाय होय. त्यास ओव्हरक्लॉकिंग असे म्हणतात.

हा उपाय केवळ खेळापुरता राहिलेला नाही. विद्यार्थी त्याविषयी शिक्षकांना विचारतात. नवे यंत्र घेण्यापेक्षा जुन्याचाच वेग वाढवून घ्यावा, अशी सूचना कार्यालयांतही होऊ शकते. अशा वेळी होकार किंवा नकार देणाऱ्यास त्यामागील तत्त्व ठाऊक असणे आवश्यक आहे. सुदैवाने, वेग कशाने वाढतो या प्रश्नाचे उत्तम उदाहरण पुणे शहरातच उपलब्ध आहे.

ठोका म्हणजे काय?

प्रोसेसरमध्ये कोट्यवधी सूक्ष्म विद्युत्-कळा असतात. त्या सर्वांनी एकाच लयीत काम करावे म्हणून एक विद्युत्-स्पंद सतत दिला जातो. यालाच घड्याळाचा ठोका म्हणतात. गणेशोत्सवातील ढोल-ताशा पथकात ताशाची लय धरून सगळे ढोल वाजतात, तसाच हा प्रकार आहे. ताशाची लय वाढविली की ढोलही जलद वाजू लागतात. परंतु एका मर्यादेनंतर काही वादकांचा हात वेळेवर पडत नाही आणि ठेका चुकतो.

सेकंदाला १० लक्ष ठोके म्हणजे १ मेगाहर्ट्झ, आणि १०० कोटी ठोके म्हणजे १ गिगाहर्ट्झ. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम कंपनीच्या व्यक्तिगत संगणकाचा ठोका ४.७७ मेगाहर्ट्झ होता. आजच्या घरगुती संगणकाचा ठोका ४ गिगाहर्ट्झच्या घरात असतो. अशा यंत्रात दोन ठोक्यांमधील अवधी एका सेकंदाच्या ४०० कोटीव्या भागाइतका असतो. तेवढ्या अवधीत प्रकाशकिरणही केवळ ७.५ सेंटीमीटर अंतर कापतो. एवढ्याशा वेळात प्रत्येक कळेने आपली स्थिती बदलून स्थिर व्हावयाचे असते. ती स्थिर होण्यापूर्वीच पुढचा ठोका पडला, तर शून्याच्या जागी एक किंवा एकाच्या जागी शून्य वाचले जाते.

ठोका वाढविण्याची पद्धत

सर्व प्रोसेसर एकाच साच्यातून निघाले तरी सारखे नसतात. कारखान्यात त्यांची चाचणी होते आणि प्रत्येकास सुरक्षित असा वेग नेमून दिला जातो. हा वेग ठरविताना उन्हाळा, विजेच्या दाबातील चढउतार आणि वर्षानुवर्षांची झीज यांसाठी काही राखीव अंतर सोडलेले असते. ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य हेच राखीव अंतर वापरून टाकतो.

त्याची रीत साधी आहे. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्यास ३६ ने गुणले की ३.६ गिगाहर्ट्झ होतात. हा गुणक ४२ केला की ४.२ गिगाहर्ट्झ होतात. यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या बायोस या मूलभूत आज्ञावलीत हा बदल करता येतो. मात्र सर्वच प्रोसेसरांत गुणक बदलण्याची मुभा नसते. वाढलेल्या वेगाने यंत्र अडखळू लागल्यास प्रोसेसरला मिळणारा विद्युत्-दाब किंचित वाढविला जातो. दाब वाढल्याने कळा जलद हलतात आणि यंत्र पुन्हा स्थिर होते.

हा प्रयोग नवीन नाही. १९८४ साली आलेल्या आयबीएमच्या एटी या संगणकाचा ठोका ६ मेगाहर्ट्झ होता. त्यातील स्फटिक काढून दुसरा बसविला की तो ८ मेगाहर्ट्झने चाले. पुढे कंपनीने यंत्रातच वेगाची तपासणी बसवून हा मार्ग बंद केला. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चालतो असे आढळले आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो उचलून धरला. त्या दशकात याची दुसरी बाजूही दिसली. काही अप्रामाणिक व्यापारी कमी वेगाच्या प्रोसेसरवरील अक्षरे पुसून जास्त वेगाचा आकडा छापीत आणि तो चढ्या किमतीस विकीत. गुणक बदलण्याची मुभा कंपन्यांनी काढून घेतली, तिचे हेही एक कारण होते.

आजचे प्रोसेसर काम वाढताच आपला ठोका स्वतःच वाढवितात आणि तापू लागताच कमी करतात. त्यामुळे पूर्वी हौशी माणसाच्या हाती लागणारे राखीव अंतर आता बरेचसे कारखान्यातच वापरले गेलेले असते.

उष्णतेचा हिशेब

प्रोसेसरला लागणारी वीज ठोक्याच्या प्रमाणात वाढते. परंतु विद्युत्-दाबाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, ठोका २० टक्के वाढविला आणि त्यासाठी दाब १० टक्के वाढवावा लागला. मग हिशेब १.२ गुणिले १.१ गुणिले १.१ असा होतो आणि उत्तर १.४५ येते. म्हणजे वेग जास्तीत जास्त २० टक्के वाढतो, वीज मात्र सुमारे ४५ टक्के जास्त लागते. ही सारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ६५ वॅटचा प्रोसेसर सुमारे ९४ वॅट घेऊ लागतो, आणि जो पंखा ६५ वॅटसाठी बसविला आहे, तो अपुरा पडतो.

येथे पुण्याच्या हवामानाचा विचार केला पाहिजे. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. जानेवारीत खोलीचे तापमान २२ अंश असताना जो प्रोसेसर ७८ अंशांवर चालतो, तोच एप्रिलमध्ये खोली ३८ अंशांवर गेली की तेवढ्याच कामासाठी ९४ अंशांच्या आसपास पोहोचतो. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवितात. हिवाळ्यात यशस्वी ठरलेला प्रयोग ऐन उन्हाळ्यात, परीक्षा आणि वर्षअखेरीच्या कामाच्या गर्दीत, निष्फळ किंवा घातक ठरतो तो यामुळेच.

उष्णतेने उद्योगालाही आपला मार्ग बदलावयास लावले. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत इंटेलने २००४ साली सोडून दिला आणि एकाच तुकड्यावर दोन, पुढे चार आणि आठ गाभे बसविण्याचा मार्ग धरला. द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांच्या जवळपास थंड करून हौशी तज्ज्ञांनी प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्याही पुढे नेलेले आहेत. परंतु ते काही मिनिटांचे प्रदर्शन असते, रोजच्या वापरातील यंत्र नव्हे. वाढीव विद्युत्-दाब दीर्घकाळ दिल्यास प्रोसेसर कायमचा अधू होतो, हेही लक्षात ठेवावे. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा नियंत्रक आज्ञावलीतील दोषामुळे प्रमाणाबाहेर दाब मागितला जात असल्याचे खुद्द कंपनीने मान्य केले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली.

स्मृतीचा ठोका

रॅममध्ये प्रत्येक अंक एका अतिसूक्ष्म विद्युत्-कुपीत साठविलेला असतो. या कुपीतील भार सतत गळतो. म्हणून सर्वसाधारण तापमानात दर ६४ सहस्रांश सेकंदांत प्रत्येक कुपी एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. तापमान ८५ अंशांच्या पुढे गेल्यास हे काम दुप्पट वेळा करावे लागते, कारण उष्णतेने गळती वाढते.

रॅमच्या पट्टीवर २१३३, ३२०० असे आकडे असतात. आकडा मोठा तितकी माहितीची ने-आण जलद. परंतु मागणी केल्यापासून पहिला अंक हाती येईपर्यंत किती ठोके थांबावे लागते, याचाही आकडा असतो. ३२०० ची पट्टी २२ ठोके थांबत असेल, तर तो अवधी १३.७५ अब्जांश सेकंद होतो. २१३३ ची पट्टी १५ ठोके थांबत असेल, तर तो सुमारे १४ अब्जांश सेकंद होतो. म्हणजे प्रतीक्षेचा काळ जवळजवळ तेवढाच राहिला. खरेदी करताना एकाच आकड्यावर भुलू नये, हा यातील बोध.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ३२०० लिहिलेली पट्टी बसविली तरी यंत्र ती पुष्कळदा २१३३ सारख्या सावध वेगानेच चालविते. लिहिलेला वेग मिळविण्यासाठी बायोसमधील एक्सएमपी नावाची तयार मांडणी सुरू करावी लागते. ही मांडणी इंटेलने २००७ साली आणली. तिच्यात डीडीआर ४ प्रकारच्या पट्टीचा दाब पुष्कळदा १.२ व्होल्टवरून १.३५ व्होल्टवर जातो. पट्टीच्या उत्पादकाने त्या वेगाची चाचणी घेतलेली असते. तथापि प्रोसेसरच्या नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यास हेही ओव्हरक्लॉकिंगच ठरते.

खेळात प्रत्यक्ष लाभ किती?

खेळातील दृश्य म्हणजे एकामागून एक येणारी चित्रे होत. प्रत्येक चित्रासाठी प्रोसेसर घटनांचा हिशेब करतो आणि चित्रप्रक्रियक, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, ते चित्र रंगवितो. दोघांची कामे लागोपाठ चालू असतात आणि जो अधिक वेळ घेतो, त्याच्यावर एकंदर वेग अवलंबून राहतो.

समजा, प्रोसेसरला एका चित्रामागे १२ सहस्रांश सेकंद आणि चित्रप्रक्रियकाला २० सहस्रांश सेकंद लागतात. सेकंदाला ५० चित्रे मिळतील. प्रोसेसरचा ठोका २० टक्के वाढविला, तर त्याचे काम १० सहस्रांश सेकंदांत होईल. परंतु चित्रे ५० च राहतील. वीज वाढली, आवाज वाढला, लाभ शून्य. याउलट चित्राची बारकाई कमी केल्याने चित्रप्रक्रियकाचे काम १० सहस्रांश सेकंदांवर आले, तर अडसर प्रोसेसरचा ठरतो. तेव्हा मात्र त्याचा ठोका वाढविल्यास चित्रे ८३ वरून १०० पर्यंत जाऊ शकतात. म्हणून अडथळा कोठे आहे हे प्रथम मोजावे आणि मगच उपाय करावा. हा नियम खेळाइतकाच कार्यालयीन कामासही लागू आहे.

पुण्याने निवडलेला मार्ग

ऐंशीच्या दशकात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला महासंगणकाची गरज होती. अमेरिकेने बरेच निर्बंध घालून क्रे एक्स-एमपी जातीचे एक यंत्र दिल्लीतील हवामान केंद्रासाठी दिले. अधिक शक्तिशाली यंत्र मात्र नाकारले. त्या यंत्राचा ठोका त्या काळी अत्यंत जलद, म्हणजे १०० मेगाहर्ट्झहून अधिक होता आणि ते थंड ठेवण्यासाठी शीतद्रव्य खेळवावे लागे.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड परिसरात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेपुढे तीन वर्षे मुदत, ३० कोटी रुपये खर्चाची मर्यादा आणि सेकंदाला १०० कोटी गणिती क्रियांचे उद्दिष्ट होते. तेवढ्या जलद ठोक्याचा प्रोसेसर मिळण्याजोगा नव्हता. येथील अभियंत्यांनी ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर घेतले. त्यांचा ठोका अवघा २० ते ३० मेगाहर्ट्झ होता. असे ६४ व त्याहून अधिक ट्रान्सप्युटर परस्परांशी जोडून, एकच गणित वाटून घेऊन सोडविणारे ‘परम ८०००’ हे यंत्र १९९१ साली सिद्ध झाले. ढोल-ताशा पथकाच्या भाषेत सांगावयाचे, तर लय न वाढविता ढोलांची संख्या वाढविली.

हाच मार्ग पुढेही चालू राहिला. २००७ साली पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीज या टाटा समूहाच्या संस्थेचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा ठरला. त्यात १४,००० हून अधिक गाभे होते. २०१८ साली पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘प्रत्युष’ कार्यान्वित झाला. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या गणिती क्रिया. या यंत्रात सुमारे १ लक्ष १९ हजार गाभे होते आणि प्रत्येकाचा नेमून दिलेला ठोका होता २.१ गिगाहर्ट्झ. खेळासाठी घेतलेल्या घरगुती संगणकाचा ठोका याच्या दुप्पट असू शकतो. तरीही मॉन्सूनचे गणित सोडविले ते कमी ठोक्याच्या या असंख्य गाभ्यांनीच. सप्टेंबर २०२४ मध्ये याच संस्थेत ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ राष्ट्रार्पण झाला. पुण्याच्याच आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या यंत्रात प्रोसेसरवर थेट द्रव खेळवून उष्णता काढून घेतली जाते. तेथे शीतनाचा हेतू ठोका चढविणे हा नसून हजारो गाभे दिवसरात्र स्थिर ठेवणे हा आहे.

न दिसणारी चूक

यंत्र बंद पडले तर निदान कळते. अधिक धोका असतो तो न कळणाऱ्या चुकीचा. अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६१ साली संगणकावर एक गणित पुन्हा करताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा घातला आणि काही काळाने सारा अंदाजच निराळा निघाला. इतका सूक्ष्म फरक जर एवढा वाढत असेल, तर स्मृतीतील एक अंक उलटल्याने काय होईल याची कल्पना करता येते. म्हणूनच महासंगणकांत आणि मोठ्या सेवा-संगणकांत चूक ओळखून दुरुस्त करणारी विशेष स्मृती वापरतात. शाळेतील वा ग्रामपंचायतीतील साध्या संगणकात ती बहुधा नसते.

खेळात एक अंक उलटला तर पडद्यावर एखादा ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल. परंतु तोच अंक घरपट्टीच्या मागणीतील, जन्ममृत्यूच्या नोंदीतील किंवा विद्यार्थ्याच्या गुणपत्रकातील असेल तर? नोंद चुकीची होईल, संचिका बिघडेल आणि त्या वेळी यंत्र कोणतीही तक्रार करणार नाही. चूक उघडकीस येईल ती काही महिन्यांनी, एखादा वृद्ध नागरिक दाखला मागावयास येईल तेव्हा. ज्या यंत्रावर इतरांचे हक्क अवलंबून आहेत, ते त्याच्या नेमून दिलेल्या वेगाबाहेर चालवू नये, हा निष्कर्ष यातून निघतो.

व्यवहारात काय करावे?

कार्यालयातील अथवा शाळेतील संगणक संथ झाला असल्यास पुढील क्रमाने उपाय करणे हितावह ठरते.

१. यंत्र बंद करून, वीज तोडून, आतील धूळ काढावी. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवेचा झोत मारावा. प्रोसेसर व उष्णताशोषक यांमधील लेप वाळला असल्यास नवा लावून घ्यावा. धुळीने कोंडलेले यंत्र आपला ठोका आपणहून उतरविते. स्वच्छतेने तो परत मिळतो.

२. संगणक भिंतीला चिकटून किंवा बंद कपाटात ठेवू नये. मागून गरम हवा निघून जाण्यास जागा ठेवावी.

३. जुनी फिरती तबकडी असल्यास तिच्याऐवजी एसएसडी बसवावी. कार्यालयीन कामात सर्वांत मोठा फरक पुष्कळदा याच बदलाने पडतो.

४. रॅम ४ जीबी असल्यास ती ८ जीबी करावी. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या दोन वाहिन्यांत बसविल्यास ने-आण अधिक जलद होते.

५. विद्युत्-जोडणीचे अर्थिंग तपासून घ्यावे. दाबातील चढउतार हेही अस्थिरतेचे मोठे कारण असते.

६. दुरुस्तीनंतर ठोका किंवा दाब बदललेला नाही ना, हे दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि बदललेल्या भागांची नोंद जडवस्तू नोंदवहीत करावी. अनेक उत्पादकांच्या अटींनुसार ओव्हरक्लॉकिंग केल्यास हमी संपुष्टात येऊ शकते.

विद्यार्थ्यांनी ओव्हरक्लॉकिंग करूच नये, असे मात्र नाही. स्वतःच्या यंत्रावर, पालकांच्या संमतीने आणि महत्त्वाच्या संचिका दुसरीकडे जपून ठेवून केलेला हा प्रयोग भौतिकशास्त्राचा उत्तम पाठ ठरू शकतो. शिक्षकांनी त्यास शिस्त लावून द्यावी. एका वेळी एकच आकडा बदलावा. प्रत्येक पायरीस तापमान, वीज आणि चित्रांची संख्या वहीत लिहावी. स्मृतीची चाचणी रात्रभर चालवावी. एकही चूक आढळल्यास मागची पायरी गाठावी. असा तक्ता हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोनदा केल्यास विद्यार्थ्यास ठोका, दाब व उष्णता यांचा संबंध पाठ्यपुस्तकापेक्षाही स्पष्ट कळेल.

संगणकाच्या वेगाचा अर्थ अखेर हातातील काम बिनचूक आणि वेळेवर होणे एवढाच आहे. मंद ठोक्याचे अनेक प्रोसेसर एकत्र आणून पुण्याने तो वेग साधला. आपल्या गावच्या एका संगणकापुरते हेच तत्त्व लागू करावयाचे, तर धूळ काढणे, स्मृती वाढविणे आणि यंत्रास थंड ठेवणे हे साधे उपायच प्रथम योजावेत. त्यांना लागणारा खर्च थोडा आहे आणि त्यांनी कोणाच्याही नोंदीस धक्का लागत नाही.